निर्वानाने दाखवलेल्या वाटा

आज पुन्हा निर्वाना या रॉक बँडचा न्यूयॉर्कमधला ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम ऐकला. नोव्हेंबर १९९३चा. चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची! सगळ्यांत गाजलेलं स्वतःचं गाणं वगळून त्यांच्या गायकाने, कर्ट कोबेनने, मीट पपेट्स या बँडच्या कर्कवुड बंधूंना मंचावर बोलावलं आणि त्यांची तीन गाणी गायली. केवढं मोठं मन! त्या गाण्यांचं बोट धरून मी मीट पपेट्सच्या १९८४च्या अल्बमपर्यंत पोचलो. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तापलेली ती गिटार अजून डोक्यातून जात नाही. मग त्याच कार्यक्रमातल्या बाकीच्या गाण्यांमागचे व्हॅसलिन्स हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी. आणि लेड बेली, बारा तारांच्या गिटारवर ब्लूज गाणारा, १९४९मध्येच गेलेला. रॉकची मुळं ब्लूजमध्ये आहेत हे वाचलं होतं. कानांना पटलं ते इथे. तुमचा आवडता बँड कोणाची गाणी गातो, ते शोधा. मूळ गाणं आजच ऐका.