उसातला शेजारी

जीवसृष्टीविषयीचे नवे संशोधन म्हटले, की आपल्या मनात दूरदेशीची चित्रे उभी राहतात. कुठे ॲमेझॉनचे घनदाट अरण्य, कुठे महासागराचा तळ, कुठे प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक. शास्त्रज्ञ जे शोधतात ते आपल्या अंगणापासून फार दूर असणार, असा आपला समज असतो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत एका मोठ्या वन्यप्राण्याविषयीच्या आपल्या साऱ्या कल्पना ज्या संशोधनाने बदलून टाकल्या, ते संशोधन पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि त्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात झाले. आणि तेही अरण्यात नव्हे, तर उसाच्या फडांत, शेताच्या बांधावर आणि माणसांच्या वस्त्यांना खेटून झाले. तो प्राणी म्हणजे बिबट्या.

या प्रदेशाशी माझा संबंध आला तो एका मित्रामुळे. वसईच्या शाळेत आम्ही कित्येक वर्षे एकाच शिक्षक-खोलीत बसलो. निवृत्तीनंतर ते आपल्या मूळ गावी, बोरी बुद्रुकला परतले आणि वडिलोपार्जित शेतीत रमले. आळेफाट्यापासून जवळच, कुकडी नदीच्या काठी वसलेले हे गाव. आम्ही अजूनही एकमेकांना ‘सर’ म्हणूनच हाक मारतो. त्यांच्या आग्रहावरून मी तीन-चार वेळा तेथे जाऊन राहिलो आहे.

बोरीचे नाव भूशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात येथील नदीकाठच्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. ही राख हजारो किलोमीटरांवरील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून आलेली. तिचे वय किती, यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद झडला. त्याच काठावर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केले. पहिल्या भेटीत सरांनी मला नदीकाठी नेऊन हे सारे समजावून सांगितले. मग सहज म्हणाले, “ज्याने हा दगड घडवला त्यालाही रात्री आवाज कानोसा घेऊन ऐकावा लागत असेल. आम्हीही अजून तेच करतो.”

त्या वाक्याचा अर्थ मला सायंकाळी कळला. दिवेलागण होताच वस्तीवरची पोरे घरात आली, शेळ्या गोठ्यात गेल्या, गोठ्याचे लोखंडी जाळीचे दार लागले. घरापासून वीस पावलांवर उसाची काळी भिंत उभी होती. वहिनींनी अगदी सहज सांगितले, “मागच्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरचा कुत्रा नेला. वाघरू आहे उसात.” या भागात बिबट्याला ‘वाघ’ किंवा ‘वाघरू’च म्हणतात.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्यांचे पाणी आले आणि एके काळी बाजरी-हुलग्यावर दिवस काढणाऱ्या शिवारात ऊस उभा राहिला. ऊस हे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात उभे असते. आत गारवा, दाट आडोसा, जवळ पाणी आणि भोवती वस्त्यांवरची कुत्री, मांजरे, डुकरे, शेळ्या. बिबट्याला याहून अधिक काय हवे? तेथेच माद्या वितात, तेथेच पिल्ले वाढतात. उसाच्या सऱ्यांत जन्मलेल्या आणि जंगल कधीच न पाहिलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आज या भागात आहेत. ‘बिबट्या जंगल सोडून गावात आला’ हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, ते म्हणूनच पुरते खरे नाही. तो येथलाच रहिवासी आहे.

ही गोष्ट मोजमापाने सिद्ध करण्याचे श्रेय डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. अकोले तालुक्यात त्यांनी आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे पायवाटांवर बसवले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीप्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस नांदत होते. जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असलेली वाघाटीही तेथे होती. जेथे वन्यजीव नाहीत असे नकाशा सांगत होता, तेथे रात्रीचे एक वेगळेच गाव जागे होत होते.

पुढच्या वर्षी याच गटाने बिबट्याच्या आहाराचा अभ्यास मांडला. विष्ठेतील केस तपासून तो काय खातो हे ठरवण्यात आले. त्याच्या खाण्यातील सत्त्याऐंशी टक्के वाटा पाळीव किंवा वस्तीलगतच्या प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा एकोणचाळीस टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सात पट होती. तरी शेळ्या त्याच्या आहारात अकरा टक्क्यांच्या आसपासच भरल्या. कारण साधे आहे. शेळी रात्री कोंडली जाते, कुत्रा मोकळा हिंडतो. आपण उघड्यावर टाकलेल्या उकिरड्यावर कुत्री पोसली जातात आणि त्या कुत्र्यांवर बिबट्या. बिबट्याला घरापाशी आणणारी वाट आपणच आखलेली आहे, हे या आकड्यांतून दिसते.

परंतु या साऱ्या संशोधनात माझ्या मनाला अधिक लागून राहिला तो जुन्नरचाच एक अनुभव. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत. लोकांची भीती आणि मागणी लक्षात घेऊन २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. तीन वर्षांत शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि सरासरी चाळीस किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. हेतू चांगला होता. कोणालाही तो उपाय शहाणपणाचाच वाटला असता. पण घडले विपरीत. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली. जेथे हे बिबटे सोडले त्या भागांच्या आसपासही माणसांवर हल्ले झाले. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध करून कारणमीमांसा मांडली. पिंजऱ्यात आणि प्रवासात भेदरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला जातो. तेथे कुठे पाणी, कुठे आडोसा, कुठे माणूस हे त्याला ठाऊक नसते. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या व्यापतो. जुना शेजारी आपल्या वाटा जाणून असतो. नव्याला सारेच शिकावे लागते. त्याच वर्षी केंद्र सरकारने मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीला आवर घालण्यात आला.

पकडलेला बिबट्या सोडल्यावर काय करतो याचे एक उदाहरण तर वसईकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात ठिकाण कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याला कौतुकाने ‘आजोबा’ असे नाव दिले. हे आजोबा सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, आपल्या वसईच्या औद्योगिक परिसरातून आणि खाडीच्या पाण्यातून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचले. वाटेत कोणत्याही माणसाला त्यांनी इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. २०१४ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या वावरू लागला, तेव्हा काही आठवडे आपलीही सायंकाळची फेरी बंद झाली होती. तो पिंजऱ्यात सापडला आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. बोरीच्या माणसांना असा निःश्वास टाकण्याची सोय नाही. एक गेला तरी ऊस तेथेच असतो.

हे सारे मी एकदा सरांच्या ओटीवर बसून उत्साहाने सांगत होतो. ‘सहजीवन’ हा शब्द मी दोन-तीनदा वापरला असावा. वहिनी गवार निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, तुमचं सगळं पटतं. तो शेजारी आहे, हेही खरं. पण शेजाऱ्याला आपण सांगू शकतो, की बाबा, माझं लेकरू अंगणात आहे. याला कोण सांगणार?”

या प्रश्नाला कोणत्याही शोधनिबंधात उत्तर नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तिघांचे प्राण गेले. त्यांत एक पाच वर्षांची मुलगी होती, एक तेरा वर्षांचा मुलगा होता आणि एक वृद्ध आजी होत्या. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला गेला. शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या घरातले लेकरू गेले त्या घरासमोर उभे राहून सरासरीची भाषा बोलता येत नाही. शासन मृताच्या वारसांना पंचवीस लाख रुपये देते. ते दिलेच पाहिजेत. पण आईच्या हिशोबात तो आकडा कोठे मांडायचा?

म्हणून मला वाटते, सहजीवन हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याची किंमत कोण मोजतो हे आपण विचारले पाहिजे. ऊस बोरीचा, साखर साऱ्या महाराष्ट्राच्या चहात, आणि रात्र मात्र बोरीच्या एकटीची. शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून माणूस काळोखात बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो. वीज दिवसा आली तर भीतीचा मोठा भाग तेथेच संपेल. २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश हाच आहे आणि तिचे यश वन्यजीवांच्या पुस्तकातही नोंदवले गेले पाहिजे. ऊसतोड कामगारांची पोरे फडाच्या कडेला कोपीत, उघड्यावर निजतात. त्यांना भक्कम निवारा मिळणे ही दयेची नव्हे, न्यायाची बाब आहे. घराजवळ शौचालय, अंगणात दिवा, गोठ्याला जाळी, गावात कचऱ्याची आणि मोकाट कुत्र्यांची व्यवस्था, घर आणि ऊस यांत मोकळा पट्टा, ही यादी अगदी रूक्ष आहे. परंतु संशोधन अखेर येथेच येऊन पोहोचते. प्रजनन नियंत्रणाचा प्रयोगही पाहिला जात आहे. जुन्नर भागातील मोजक्या माद्यांवर तो करण्यास केंद्राने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याचे फळ दिसायला काळ जाईल. दिव्याचे आणि दाराचे फळ आज रात्रीच दिसते.

आणि तरीही बोरीच्या माणसांत मी द्वेष पाहिला नाही. ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्ले सापडतात. पूर्वी लोक ती उचलून आणीत. मग चवताळलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घाली. आता कोयता थांबतो, वनखात्याला निरोप जातो. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्य येऊन पिल्ले तपासतात आणि सायंकाळी ती सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात. माणसे लांब सरतात. रात्री मादी येते, खोके कलंडते, आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून ती घेऊन जाते. सरांच्या पुतण्याने आपल्याच रानात हे घडलेले मला सांगितले. तोडणीचा एक दिवस बुडाला, टोळीचा मुकादम कुरकुरला. पण सगळे थांबले. पुतण्या म्हणाला, “काका, तिचंही लेकरूच ना.”

वारली बांधवांनी आपल्या पालघर-ठाणे भागात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी जपली आहेत, असे २०२१ च्या एका अभ्यासाने नोंदवले आहे. भीती आणि आदर एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे त्यांना फार पूर्वी उमगले होते. शास्त्राने आता त्याला आकड्यांची जोड दिली आहे. आकड्यांनी वाघाला ओळखता येते. पुतण्याच्या त्या वाक्याने माणसाला. उरलेले काम आपले, शहरात सुखाने झोपणाऱ्यांचे आहे. ज्या हाताने कोयता थांबवला, त्या हाताला दिवसा पाणी धरता यावे आणि त्याच्या लेकराला अंगणात निर्भयपणे खेळता यावे, एवढे ऋण तरी आपण मान्य करायला हवे.