आळंदीच्या वाटेवरची खोली

पुण्याहून आळंदीला तुम्ही कधी गेला असाल, तर आमची दिघी तुमच्या डोळ्यांखालून गेलेली आहे. लक्षात मात्र राहिली नसेल! विश्रांतवाडी, कळस मागे पडले, की लष्करी हद्दीच्या लांबच लांब भिंती लागतात, एका अंगाला दत्तगडाची टेकडी दिसते, आणि बस चऱ्होलीकडे निघून जाते. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या नोकरदारांची घरे झाली. त्यातलेच एक आमचे.

मुक्कामासाठी दिघीत कुणी येत नाही. पण आळंदी इथून आठ-नऊ किलोमीटर. ज्येष्ठात माउलींची पालखी आमच्या दारावरून पुण्याकडे जाते, आणि कार्तिक वद्य एकादशीला उलट दिशेने माणसांचा लोंढा आळंदीकडे वाहतो. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, त्यामुळे ते चार-पाच दिवस आळंदीत पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या घराला मागच्या बाजूने वेगळे दार असलेली एक खोली आहे. एका कारखान्यातल्या मुलाला ती महिन्याने दिली होती. तो गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "महिन्याने कशाला देतेस? रात्रीवर दे. आळंदीत लग्नं केवढी होतात! पाहुण्यांना जागा पुरत नाही."

खोटे नव्हते. कमी खर्चात लग्न करायचे तर आळंदी, हे आता महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, आणि दोनच आठवड्यांत कार्तिकी. म्हणजे वऱ्हाडी आणि यात्रेकरू दोघेही त्याच गावात, जवळजवळ एकाच वेळी. धर्मशाळा आणि कार्यालये काही चार दिवसांसाठी वाढत नाहीत. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, बी.ए.ला अर्थशास्त्र होते. पुरवठा ठरलेला, मागणी चढती, तेव्हा भाव चढणारच, असा हिशेब करून पहिल्या कार्तिकीला मी रात्रीचे दीड हजार सांगायचे ठरवले.

सासूबाई भडकल्या. "माउलीच्या वाटेवर बसून भाडं मागायचं?"

मी पाण्याचा टँकर, वीजबिल, मुलीची फी अशी यादी वाचली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस माझ्या हातचा चहा त्यांना गोड लागला नाही.

दशमीला परभणीकडचे एक कुटुंब आले. त्यांनी खोली पाहिली, भाव ऐकला. त्यातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "इतके द्यायचे तर आळंदीतच देऊ की." आणि गेले. आणखी दोघे येऊन गेले. महामंडळाने यात्रेसाठी जादा बस सोडल्या होत्या, त्यामुळे पुष्कळ लोक दर्शन घेऊन रात्रीच पुण्याला परतत होते. बस वाढल्या की खोलीचे गिऱ्हाईक कमी होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तिथी हलत नाही, तेव्हा माणूस त्या दिवशी येणारच. पण झोपायचे कुठे, हे तो बदलू शकतो. मी तिथीचा भाव लावला होता, आणि जागा दिघीतली होती!

रात्री अकराला मी मनातल्या मनात आठशेवर उतरले होते. पण विचारायला कुणी आले नाही. भाजीवाली संध्याकाळी कोथिंबीर निम्म्या भावात देते, ती का, हे तेव्हा नीट कळले. कोथिंबीर निदान दुसऱ्या दिवशी चटणीत तरी जाते. आजची रिकामी रात्र उद्या कुणाला विकणार?

पुढच्या वर्षी मी शहाणी झाले. बाराशे रुपये सांगितले, खोली चार रात्री गेली, पुढे लग्नाचीही मंडळी आली. वर्षअखेर वही काढली. एकूण तीस रात्री, छत्तीस हजार रुपये. चादरी धुणे, पाणी, साफसफाई यांचे दर रात्री अडीचशे धरले, तर हाती साडेअठ्ठावीस हजार. आणि तो कारखान्यातला मुलगा महिन्याला साडेचार हजार देत होता, म्हणजे वर्षाचे चोपन्न हजार! तेवढे मिळवायचे तर रात्रीला दोन हजारांच्या वर भाव हवा. तो दिघीत कोण देणार?

तेव्हा मला दिवेआगरची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे एका घरी उतरलो होतो. एरवीच्या दुप्पट भाडे घेतले म्हणून मी परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत बोलत होते. त्या घरच्या वहिनी जेवण वाढताना म्हणाल्या होत्या, "ताई, पावसाळ्यात इथं कोण येतं? बारा महिन्यांचं आम्ही चार महिन्यांत काढतो." तिथे १९९७ साली नारळीच्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला, दर्शनाला गर्दी होऊ लागली. २०१२ साली तो चोरीला गेला आणि गर्दी ओसरली. माणसे यायची थांबतात, पण बांधलेल्या खोल्या आणि त्यांचे हप्ते कुठे जात नाहीत. वहिनींच्या दुप्पट भाड्यात त्यांच्या रिकाम्या रात्री होत्या. मला वाटले होते, ती नुसती लूट आहे. (दुप्पट जरा जास्तच होते, हे मी अजून म्हणते.)

सासूबाईंचा मुद्दा मात्र या वहीत बसत नाही. पुस्तकात मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. पैसे देण्याची ऐपत आणि तयारीही लागते. दिंडीतला वारकरी राहुट्या, भांडी, शिधा बरोबर घेऊन येतो. डोक्यावर वळकटी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या भाव विचारतच नाहीत, ओसरी मोकळी आहे का, एवढेच विचारतात. त्यांची सोय बाजारातून होत नाही. धर्मशाळा, अन्नदान आणि अशा ओसऱ्या यांच्यावर ती चालत आली आहे.

आता मागची खोली भोसरीत नोकरी करणाऱ्या एका मुलीला महिन्याने दिली आहे. पुढची ओसरी कार्तिकीत सासूबाईंच्या ताब्यात असते. सतरंज्या त्या घालतात, पाणी मी तापवते.

तुम्हाला आळंदीला निवांत राहायचे असेल, तर कार्तिकी आणि मुहूर्ताचे दिवस टाळा. अधिक महिन्यात लग्ने नसली तरी देवदर्शनाची गर्दी असते, तेव्हा तो स्वस्त पडेल असे समजू नका. पौषात मधल्या वारी या. लग्ने कमी असतात, खोलीचे भाडे घासाघीस करून ठरवता येते, समाधीपुढची रांग लहान असते, आणि इंद्रायणीच्या घाटावर ऊन खात बसायला पायरी मिळते.