पानाच्या पाठीवरचं औषध

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की केवड्याची धास्ती लागते. हा रोग शिरतो पानाच्या पाठीवरच्या रंध्रांतून, आणि तिथेच औषध नीट पोहोचत नाही. म्हणून गेल्या हंगामात आम्ही इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी यंत्र भाड्याने आणलं.

मला ते पारखून घ्यायचं होतं. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो; त्याच्या पट्ट्या मी पानांच्या पाठीला टाचल्या. एका ओळीत विद्युतभार बंद ठेवून फवारलं, दुसरीत सुरू ठेवून. पहिल्या ओळीतल्या पट्ट्या जवळजवळ पिवळ्याच राहिल्या. दुसरीतल्या बारीक निळ्या ठिपक्यांनी भरल्या. मी हरखून गेले.

नोझलमध्ये थेंबांना ऋण भार मिळतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून थेंब एकत्र न होता पसरतात. झाड मुळांनी जमिनीशी जोडलेलं असतं. भारित थेंब जवळ आले की पानातले इलेक्ट्रॉन जमिनीकडे सरकतात आणि पान धनभारित होतं. दोन भारांमधलं अंतर निम्मं झालं की ओढ चौपट होते, हे शास्त्रज्ञ कूलाँबने 1785 मध्ये दाखवलं. जेमतेम 40 मायक्रॉनचा थेंब त्या ओढीने वळतो आणि पानाच्या पाठीवर जाऊन बसतो.

यंत्राला एक साखळी लोंबत होती. चालक म्हणाला, “ताई, ही जमिनीला टेकलीच पाहिजे. नाहीतर औषध आपल्याच अंगावर येतं.” त्याचं खरं होतं. भार नव्याने तयार होत नाही, फक्त इकडून तिकडे जातो. थेंब ऋण भार घेऊन गेले की यंत्रावर तेवढाच धन भार उरतो. रबरी टायर त्याला जमिनीत उतरू देत नाहीत. मग यंत्रच थेंब मागे ओढतं आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. निफाडच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना होणारी चटचट हीसुद्धा याच देवघेवीची.

मात्र दाट पानोऱ्यात आतल्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या. बाहेरची पानंच थेंब ओढून घेतात. त्यामुळे पानोरा विरळ ठेवायला फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, वेळेवर काढण्याला पर्याय नाही. हे यंत्र आणणाऱ्या प्रत्येकाने आधी आतल्या पानांना पट्ट्या टाचून पाहाव्यात आणि त्यानंतरच औषधाचं प्रमाण ठरवावं.