बनवाबनवी आणि माझं आडनाव

'अशी ही बनवाबनवी' किती वेळा पाहिला, मोजलेलं नाही. १९८८ चा सिनेमा. माझ्या जन्माआधीचा. पुण्यात चौघा दोस्तांना खोली मिळत नाही. मालकीणबाईला जोडपी पाहिजेत. मग सुधीर आणि परशा साड्या नेसतात. लक्ष्या पदर सावरत आला की आमच्या वस्तीत चार घरांतून एकदम हसू फुटायचं. आई तर डोळे पुसत हसायची.

मग मी तारापूरला कापडाच्या कारखान्यात लागलो. साच्यावर. बारा तासांची पाळी. बोईसरला खोली शोधायला निघालो आणि साला, सिनेमा खराच सुरू झाला.

पहिल्या घरी भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग मालक म्हणाला, "पूर्ण नाव?" सांगितलं. खोली कालच गेली होती म्हणे. दुसऱ्या घरी, "मटण खाता का?" तिसऱ्या घरी, "गावात घर कुठल्या बाजूला?"

खात्यातला दोस्त म्हणाला, "माझा मावसभाऊ म्हणून राहा. आधार कार्डाला साडी नेसवता येत नाही. कागद माझ्या नावावर करू." राहिलो. बाबासाहेबांचा फोटो बॅगेत, कपड्यांच्या तळाला. मालक दोस्ताच्या आडनावानं मला हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. त्याची म्हातारी आई चहा द्यायची.

एका रविवारी त्यांच्या टीव्हीवर बनवाबनवी लागला. आजीनं बोलावलं. परशाचं सोंग आता उघडं पडतंय की काय, अशी वेळ आली आणि माझ्या घशाला कोरड पडली. आजी म्हणाली, "अरे, हस की!" हसलो. तोंड हसत होतं, छाती धडधडत होती.

मित्रांनो, मला विनोदाचं वावडं नाही. सोंग उघडं पडेल ही धाकधूक, तीच तर गंमत. पण त्यांचं सोंग उघडं पडलं तरी शेवट गोड होतो. आपलं पडलं तर? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबियात शिकलेला, लंडन पाहून आलेला माणूस. जागा कोणी देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली. बाबासाहेब कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ती गाडी आमच्या बोईसरवरूनच गेली असणार. तेव्हा त्यांचं वय सव्वीस. आज माझंही तेवढंच.

त्या रविवारी रात्री बॅग उपसली. फोटो काढला, भिंतीवर लावला. सकाळी आजीनं दारातून पाहिला. काही बोलली नाही. चहा आला नाही. आठवड्यात खोली सोडली. दोस्ताला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागलं, ते मला अजून सलतं.

आता बेटेगावला राहतो. खोली लहान आहे, पण करारावर नाव माझं. परवा पाळी सुटल्यावर पाचजण जमलो, मोबाइलवर बनवाबनवी लावला. फोटो भिंतीवर होता. पोट दुखेस्तोवर हसलो. एकच गोष्ट मधेच मनात आली. माने आडनाव आपल्यातही आहे, त्यांच्यातही आहे. पण त्या अख्ख्या सिनेमात धनंजयला कोणी विचारलंच नाही, माने म्हणजे कुठले माने?