आम्ही वाघीण बांधतों

मालगाडीच्या डब्यास आपल्याकडे वाघीण म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. इंग्रजी शब्दाचें हें रूप ज्या कोणा हमालाच्या जिभेवर प्रथम घडलें, त्यास आम्ही मनांतून वैयाकरण मानीत आलों आहों. परंतु वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं अशी एक बोटाएवढी वाघीण आमच्याच हातून जन्मास येईल, असें कोणीं भाकीत केलें असतें, तर त्यास आम्हीं वेड्यांत काढलें असतें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां इंग्लंडांत लीड्झ येथें चिरंजीवांकडे चार महिने राहिलों. रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं चिरंजीव मेजावर दिवा ओढून बसत आणि पुढ्यांत एक पुठ्ठ्याची पेटी उघडीत. आम्हांस प्रथम तें खेळणें वाटलें. तें खेळणें नव्हे. पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकच्या चौकटींत वाघिणीचे सारे अवयव देठांनीं लगडलेले असतात. कुशी, टोकें, तळ, वंगणपेट्या, कमाना, बफर, ब्रेकचे दांडे. सुरीनें एकेक सोडवावा, देठाची खूण कानशीनें घालवावी, आणि ब्युटॅनोन नांवाचा पाण्यासारखा द्राव कुंचल्यानें सांध्यास नुसता टेकवावा. तो फटींत आपोआप ओढला जातो, दोन्हीं कडा क्षणभर विरघळतात आणि एक होऊन सुकतात. व्याकरणांतला संधि सोडवितां येतो. हा सोडवितां येत नाहीं.

माप म्हणाल तर एका फुटास ४ मिलिमीटर. तेथील रुळांतलें खरें अंतर ४ फूट ८॥ इंच. तेव्हां हिशेबानें छोट्या रुळांत १८.८३ मिलिमीटर हवें. प्रत्यक्षांत असतें १६.५! गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत रूळ लहान मापाचे घेतले, आणि इंग्लंडांतल्या बेताच्या इंजिनांत त्या काळची मोटर मावेना म्हणून वरचीं अंगें तेवढीं मोठ्या मापाचीं केलीं. ती चूक तशीच चालत आली. कांहीं कडवे लोक १८.८३चेच रूळ घालतात. बाकीचे डोळेझांक करतात. आम्हीं चिरंजीवांस सांगितलें, "यास आमच्याकडे आर्ष प्रयोग म्हणतात." ते बऱ्याच दिवसांनीं मोकळेपणें हसले.

ते आमच्यापुढें मोकळेपणें हसत नाहींत, यास कारण आहे. तें आम्हीं आजवर कोणापाशीं बोललों नाहीं.

गोष्ट १९९४ सालची. आम्ही वाईस शाळेंत होतों. मुलगा दहा वर्षांचा. त्याच्या मामास उतरून घेण्यास वाठार स्टेशनावर गेलों असतां त्यानें एक मालगाडी पाहिली, आणि पुढले दोन महिने आगपेट्यांच्या वाघिणी केल्या. सदऱ्याच्या गुंड्यांचीं चाकें, आईच्या आंकड्यांच्या सांखळ्या. सोळा वाघिणी ओळीनें माजघरांत उभ्या होत्या. त्या संध्याकाळीं आम्हीं त्यास नदी शब्द चालविण्यास सांगितलें. द्वितीयेच्या पुढें गाडी जाईना. आम्हीं कांहीं न बोलतां सोळाही उचलल्या आणि बंबांत घातल्या. मुलगा रडला नाहीं. रात्रीं त्यानें नदी शब्द बिनचूक म्हणून दाखविला. औषध लागू पडलें असें आम्हांस वाटलें. त्यानंतर त्यानें आमच्यादेखत हातानें कधीं कांहीं केलें नाहीं.

एके रात्रीं त्यांनींच एक पेटी आमच्याकडे सरकविली. "बाबा, हा तुम्ही करून बघतां का? सोपा आहे." एल्. एम्. एस्. कंपनीची पांच फळ्यांची उघडी वाघीण होती. खरी साडेसतरा फूट, ही ७० मिलिमीटर. मोतीबिंदू काढल्यापासून आमचे डोळे बरे आहेत, आणि फळ्यावर वळणदार अक्षर काढून काढून हातही स्थिर आहे. चार रात्री गेल्या. चारी चाकें सपाट कांचेवर एकदम टेकलीं पाहिजेत. एक अधर राहिलें तर वाघीण रुळांवरून उतरते. आमच्या वाघिणीचीं टेकलीं. हलकी गाडी डुचमळते म्हणून एका आंसास सुमारें २५ ग्रॅम या हिशेबानें वजन भरलें. वजनाला शिशाचे छर्रे वापरावे, पण पांढऱ्या डिंकांत बसवूं नयेत. वर्षांनंतर शिसें फुगून कुशी फुटतात, असें चिरंजीव म्हणाले. वाघीण १९३६ पूर्वीची मानून करडा रंग काढून ठेविला. त्या सालीं कंपनीनें तांबूस तपकिरी रंग धरला.

राहिले ब्रेकचे दोन दांडे, प्रत्येक कुशीस एक. आम्हीं सूचनापत्र न वाचतां ते एकाच टोकाकडे तोंड करून, समोरासमोर बसविले. नात म्हणाली, "आजोबा, हा उलटा आहे."

तिच्या वडिलांनीं मग सांगितलें. कोणत्याही बाजूस उभें राहिलें तरी दांडा माणसाच्या उजव्या हातास आला पाहिजे, असा तेथील नियम. म्हणजे दोन दांडे विरुद्ध टोकांस. पण दोन्हीं दांडे खालीं दाबले तर मधला आडवा कणा एकदां सुलटा, एकदां उलटा फिरणार! म्हणून मॉर्टन नांवाच्या गृहस्थाच्या युक्तीनें एका बाजूस कण्यावर दिशा पालटणारी खांच असते. नियम आणि त्याचा अपवाद एकाच कण्यावर. पाणिनीस आवडलें असतें.

"तोडून नीट लाव," आम्ही म्हणालों.

"राहूं द्या. आतां सुटायचा नाहीं. ही बाजू भिंतीकडे ठेवूं."

छत्तीस वर्षें 'आगत्वा' लिहिणाऱ्या मुलांचा अर्धा गुण आम्हीं न चुकतां कापला. आमचा कोणीं कापला नाहीं. सूनबाई नातीस निजवायला घेऊन गेल्या. आम्ही म्हणालों, "त्या बंबाचेंही चुकलें आमचें."

चिरंजीव कानस चालवीत राहिले. बऱ्याच वेळानें म्हणाले, "सोळा नव्हत्या, बाबा. सतरा होत्या. एक दप्तरांत होती."

ती पुढें काय झाली, हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं.

येतांना एक संच ट्रंकेंत घालून आणला आहे. ब्युटॅनोन ज्वालाग्राही म्हणून विमानांत आणूं देत नाहींत. येथें चौकशी चालू आहे. तोंवर अवयव सोडवून, घासून, गंधाच्या जुन्या डबींत ठेविले आहेत. ब्रेकच्या दोन्हीं दांड्यांवर पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें आहे : 'उजवा'.