बर्फाखालचे पाणी

उत्तरेकडची नदी हिवाळ्यात गोठते म्हणजे झोपी जाते, असे बालमित्रांना वाटत असेल. वरून ती दगडासारखी घट्ट असते खरी, पण खाली पाणी चालूच असते. तेच मोजायला आम्ही चौघे मार्च महिन्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेला, सिगेचिक या छोट्या खेड्यात गेलो होतो. तिथे आर्क्टिक रेड नदी मोठ्या मॅकेन्झीला मिळते. गाव ग्विचिन लोकांचे. गावाच्या नावाचा अर्थ, लोखंडाच्या नदीचे मुख.

अश्दोदहून मावशीचा फोन आला. "अरे, उणे तीस थंडीत कशाला मरायला जाता? उन्हाळ्यात नदी पळून जाते का?"

आम्ही विचारले, "मावशी, कोकणात वैशाखात ओढा वाहत असला तर ते पाणी कुठले गं?"

"झऱ्याचे, आणखी कुठले!"

हेच ते. इथे हिवाळ्यात पाऊस नाही, बर्फ वितळत नाही. तरी नदी वाहते, म्हणजे ते बहुतेक जमिनीच्या पोटातले पाणी. इथली जमीन खोलवर कायम गोठलेली, त्यामुळे पूर्वी पाणी फारसे झिरपत नसे. आता ती सुटू लागली आहे. या भागातल्या बहुतेक नद्यांचे हिवाळी पाणी वाढत असल्याचे २००९ सालीच एका अभ्यासात छापून आले. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश बाकी जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. आणि त्या गोठलेल्या जमिनीत साठलेला कार्बन हवेतल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे!

काम म्हटले तर सोपे. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गिरमिटाने बर्फाला भोके पाडायची, प्रत्येकात यंत्र सोडून पाण्याची खोली आणि वेग बघायचा. पण बॅटऱ्या अंगातल्या कपड्यांत जपाव्या लागतात, पेनातली शाई गोठते म्हणून पेन्सिलीने लिहायचे. पाण्याच्या बाटल्या सहलीच्या थंड पेटीत ठेवायच्या. थंड राहाव्यात म्हणून नव्हे हं, गोठू नयेत म्हणून!

आमच्या पुढे गावातले एक म्हातारे शिकारी काठी आपटत चालत. पलीकडच्या काठाजवळ त्यांनी हात वर केला. वर बर्फ पांढराशुभ्र, आम्हाला काहीच दिसेना. काठीचा आवाज मात्र पोकळ आला. खालून पाण्याने बर्फ खाल्ला होता. त्यांच्या लहानपणी इथून कुत्र्यांच्या गाड्या बिनधास्त जात, असे ते म्हणाले. त्यांच्या नातवंडांना मासे धरायला याच बर्फावरून जावे लागते.

शेवटची चार भोके पाडलीच नाहीत. वहीत त्या रकान्यांपुढे पेन्सिलीने लिहिले, "बर्फ पातळ." मावशीला मात्र हे अजून सांगितलेले नाही.