धाकटीची खाज आणि माझी घाई

माझ्या सहा वर्षांच्या धाकटीच्या कोपरांच्या आत आणि गुडघ्यांमागे लाल, खरबरीत चट्टे उठायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "सौम्य एक्झिमा आहे. दिवसातून दोन वेळा मॉइश्चरायझर लावा. चट्टे भडकले तरच हे दुसरं मलम." महिनाभर नेमानं केलं. मग कंटाळा आला. रोज तेच चोळायचं किती दिवस?

तेवढ्यात नात्यातल्या एका बाईंनी सांगितलं, पोटातले चांगले जंतू वाढले की कातडी आपोआप सुधारते. मी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या. सासूबाईंनी डबी हातात घेऊन विचारलं, "वरचं आवरण कशाचं गं?" डबीवर नुसतं 'जिलेटिन' लिहिलेलं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, डुकराच्याही. कोणत्या जनावराचं, ते कळेना. कॅप्सूल परत केल्या आणि पुड्या आणल्या. मनाला समाधान वाटलं.

पुड्या सुरू झाल्या आणि मॉइश्चरायझर मागे पडलं. दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, सकाळी धाकटीच्या चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. झोपेत तिनं खाजवून कातडी फोडली होती. हलाल-हरामची चौकशी आम्ही केली होती. उपयोग होतो का, याची केलीच नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, "2001 साली फिनलंडमधल्या एका अभ्यासात घरात अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या गरोदर आयांना आणि पुढे बाळांना असे जंतू दिले. दोन वर्षांच्या वयापर्यंत एक्झिमा होणाऱ्या मुलांचं प्रमाण, जंतू न दिलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्मं दिसलं. पण तो आजार टाळण्याचा प्रयत्न होता, झालेला बरा करण्याचा नव्हे. 2008 साली जर्मनीत तेच जंतू देऊन पाहिले, तर फरक पडला नाही. आणि झालेल्या एक्झिमाचं म्हणाल, तर 2018 साली 39 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. खाज आणि झोपमोड यांत प्रोबायोटिकनं फारसा फरक पडत नाही, असंच दिसलं."

"मग दही?" मी विचारलं.

"सोसत असेल तर खुशाल द्या. कांदा, लसूण, केळं यांतला तंतू त्या जंतूंचं खाद्य, त्यालाच प्रीबायोटिक म्हणतात. तेही खाऊ द्या. पण जेवण म्हणून, औषध म्हणून नाही." रोगप्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊच नये, हेही त्यांनी बजावलं.

आता कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर आहे तोवर मॉइश्चरायझर. रात्रीची पाळी दादीची. इशाची नमाज झाली की नात बाह्या वर करून तिच्यापुढे बसते. चट्टे पुरते गेलेले नाहीत, अधूनमधून डोकं वर काढतात. पण चादर स्वच्छ असते आणि पोरगी रात्रभर झोपते.

दह्याची वाटी ताटात आहेच. तिच्याकडून आता मी दह्यापेक्षा जास्त काही मागत नाही.